आत्याबाईंचा मुक्काम

दवाखान्यातल्या बाकावर आजोबा पुस्तक उघडून बसले होते, पण पान काही उलटत नव्हते. शेजारी नणंद-भावजय बोलत होत्या. भावजयीला चांगलीच धाप लागली होती.

"वहिनी, दमा उसळलाय आणि तुम्ही हसताय?"

"हसू नको तर काय करू, वन्सं? काल कारखान्याच्या मालकांनी बोलावलं. म्हणाले, दर महिन्याला तुमच्या आत्याबाई येतात आणि तुम्ही घरी राहता. आहेत तरी कोण या?"

"अगंबाई! घरात आपण दम्याला आत्याबाई म्हणतो, ते तुम्ही कारखान्यातही सांगत होता?"

"मग? दमा म्हटलं असतं, तर शिलाई मशीनवरून त्याच दिवशी उठवलं असतं. रोजंदारीवालीला कोण विचारतो?"

"मग काल काय सांगितलंत?"

"खरं तेच. म्हटलं, त्या माझ्या छातीतच राहतात. दमा आहे मला. काढायचं तर काढा."

"बाई गं! काढलं?"

"आधी त्यांनी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, आमच्याकडे अर्धशिशीचे मामा येतात. खोली अंधारी करून मलाही पडून राहावं लागतं."

"काय सांगता! आणि नोकरीचं?"

"म्हणाले, तुमच्या हातची कॉलर हवी, तर आत्याबाईही सांभाळल्या पाहिजेत. कायम झाले मी, वन्सं! आजारपणाच्या रजेसकट!"

"म्हणजे आता आत्याबाई भरपगारी पाहुण्या!"

"अहो आजोबा, तुमचा नंबर दोनदा पुकारला!" कंपाउंडर ओरडला.

आजोबांनी पुस्तक मिटले, चाचरत म्हणाले,

"मी थांबतो. आधी... आधी आत्याबाईंना जाऊ द्या."