आधी कडी काढ

हॅलो?… कोण, ठकू? अगं, मोठ्यानं बोल ना. हा कसला आवाज? नळ?… बाथरूममध्ये बसून फोन करतेस? आज नणंदेला बघायला पाहुणे येणार म्हणालीस ना काल, आणि सूनबाई इकडे नळ सोडून…

हो, हो, ऐकतेय. बाळ खांद्यावर झोपायला आलंय, म्हणून हळू बोलतेय. बोल.

पोटात? कधीपासून?… आणि सासूबाईंना काय सांगितलंस?… ‘जरा दुखतंय.’ मग त्या म्हणणारच, दगदग झाली असेल, पड जरा. त्यांना तरी काय स्वप्न पडणार आहे?

पाळी आलीय का?… थोडंथोडं, काळपट. आणि त्याआधीची कधी?… अगं, बहिणीशी कसली लाज!

थांब, थांब. कसल्या गोळ्या?… मागच्या महिन्यात घरात कार्य होतं, त्यात अडचण नको म्हणून. कुणी दिल्या?… चुलतसासूबाईंनी, पर्समधून काढून. गोड गोळ्या वाटल्यासारख्या! बरं, त्या संपल्यावर आली का?… नाहीच? आणि तू गप्प बसलीस?

‘गोळीचा असर उतरला नसेल.’ अगं वेडे… इतके दिवस?

नाही गं, रागावत नाहीये. कोण सांगणार होतं तुला? शाळेत बाई म्हणाल्या, हा धडा घरी वाचा. घरी आईनं पुस्तकच मिटलं.

चक्कर?… खांदा कशानं दुखतोय?… ठकू, नीट सांग, पोटात एकाच बाजूला दुखतंय का?…

हसू नकोस. अपचन नाही ते. बाळाच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं, असं दुखलं आणि चक्कर आली तर घरी थांबायचं नाही, थेट दवाखाना… अगं, दिवस गेले असतील तुला. हो, तुलाच. कधीकधी गर्भ भलत्याच जागी रुजतो, मग आतल्या आत रक्त जातं…

रडू नकोस, राणी. आधी कडी काढ… कपडे बदलून? काही बदलू नकोस!… पडू दे डाग. डाग दिसला तर बरंच, तोंडानं सांगावं तरी लागणार नाही.

अहो! अहो, ऐकता का? तुमच्या फोनवरून तिच्या नवऱ्याला लावा. आत्ता!… आहे गं मी, यांच्याशी बोलत होते. तू बोलत राहा. काहीही बोल…

लागला?… अहो, ‘जरा बरं नाहीये’ काय! तो म्हणेल, जेवणं उरकून बघतो… म्हणालाच ना? द्या इकडे. बाळाला धरा.

हॅलो, मी ताई. तुमच्या बायकोला दिवस गेलेत बहुतेक आणि आतून रक्त जातंय. बाथरूममध्ये आहे, कडी लावून… हो, रक्त. पाहुण्यांना ऐकू गेलं तर जाऊ दे! हात नंतर धुवा, दार उघडा, गाडी काढा. उठा!

ठकू? येताहेत हं ते. कडी काढलीस ना?… हॅलो? नुसतं हं म्हण… ठकू?… नळच वाहतोय नुसता.

ठकू, दार वाजवताहेत, ऐकू येतंय ना? हात पोचत नसेल तर राहू दे, पण आवाज दे गं… एवढासा… दाराला धक्का मारा! जोरात मारा ना, अजून जोरात!

मोडली वाटतं कडी.

अहो, या इकडे. ऐका… तिच्या सासूबाई आहेत. रडताहेत. ‘मला सांगायचंस ना गं पोरी, मला सांगायचंस’… तेच म्हणताहेत, परत परत…

तिचा आवाज येतोय का तुम्हाला? नीट ऐका ना. मला तर नाही येत… बाळाला गप्प करा जरा, काही कळत नाहीये…

कुणीतरी नळ बंद केला.

हॅलो?… कुणीतरी फोन उचला हो… मी बहीण बोलतेय तिची… हॅलो?…