रिठदच्या फोटोवरचे कुंकू

नाव उत्तमराव नारायणराव इढोळे, वय ६७ वर्षे, सेवानिवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार वाशीम. आज गुरुवार दि. ९ मे २०२४ रोजी दुपारी बारा वाजता मी आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो आणि सांगतो की,

मला इंग्रजांच्या राणीच्या राज्यातील मराठी नाटकांच्या नटांचे फोटो जमवण्याचा नाद आहे. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले असे एकसष्ट फोटो माझ्या घरी आहेत. माझी बायको त्यांना बिनकामाचे पाहुणे म्हणते.

गेल्या महिन्यात रिठद येथे माझा जुना विद्यार्थी इंद्रभान याच्या देवघरात नऊवारीतील एका बाईचा तसाच फोटो दिसला. कपाळावर कुंकवाचा थर होता. इंद्रभानच्या आई गोजराबाई, वय ७८, म्हणाल्या, "हे माही आजेसासू. सवाष्ण गेली. अखाजीले आमी तिले कुकू लावतो." फोटोला बुरशी लागली होती. साफ करून देतो, असे सांगून मी तो आणला.

घरी चौकट उघडली. पुठ्ठ्यामागे नाटक मंडळीचे आणि नटाचे नाव शाईने लिहिलेले होते. ही बाई नसून पुरुष आहे. त्या काळी नाटकात बायकांची कामे पुरुषच करीत. याच माणसाचा मिशीवाला फोटो माझ्याकडे आहे. मला इतका आनंद झाला, की फोटो परत देण्याची इच्छा राहिली नाही. कुंकवाने कागद खराब होतो म्हणून मी ओल्या कापसाने ते पुसून काढले.

परवा सकाळी अनसिंगजवळ इंद्रभानच्या मोटारसायकलला अपघात झाला. तो वाशीमच्या दवाखान्यात बेशुद्ध आहे. काल सकाळी गोजराबाई, सून मंजुषा व भावकीतील सात-आठ जण माझ्या दारात आले. गोजराबाईंनी फोटो पाहिला व म्हणाल्या, "मास्तर, माह्या आजेसासूचं कुकू काहून पुसलं? आता माह्या सुनेचं पुसाचं हाय काय?" मंजुषाने पदराने कपाळ झाकले. भावकीतील एकाने सांगितले, "उद्या दुपारपर्यंत होता तसा करून द्या. इंद्रभानले काही झालं, त मंग तुमचं पाहून घेऊ."

मी फार घाबरलो आहे. फोटो कोणाचा हे मी त्यांना सांगितलेले नाही, सांगण्याची हिंमत नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरी आज सकाळपासून दवाखान्यात चार वेळा चौकशी केली, आणि निघताना बायकोच्या करंड्यातील कुंकू फोटोच्या कपाळी लावले.

मला संरक्षण मिळावे. फोटो सोबत आणला आहे. उद्या अखाजी म्हणजे अक्षय तृतीया आहे, तो त्यांना द्यावा. मागची बाजू मी खिळे ठोकून बंद केली आहे. ती कोणी उघडू नये.

फोटो घेण्यासाठी गोजराबाई बाहेर बाकावर बसल्या आहेत, म्हणून हा जबाब माझ्या विनंतीवरून मला अगदी हळू वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे.