चपट्या तारा

संध्याकाळी सातची वेळ. मिरजेत उमाकांत कुरणे यांनी थोरल्या भावाच्या बास गिटारच्या चारही तारा काढल्या आणि नव्या चढवल्या. भाऊ घरात नव्हता. घडलं ते एवढंच.

आता मंडळी, मला सांगा – न विचारता केलेलं भलं, ते भलं की नाही? लगेच माना हलवू नका. आधी ऐका.

बास गिटार म्हणजे जाड तारांची, खर्जात बोलणारी. इथं कीर्तनाला साथ करणाऱ्या आमच्या बुवांच्या पखवाजाची ही डावी बाजू बघा – कणीक लावली की कशी घुमते! तेच काम. थोरले भाऊ भालचंद्रराव, घरात त्यांना दादा म्हणत. दादांच्या गिटारला सतारीला असतात तसे पडदे नव्हते. बोट नुसतं लाकडावर सरकायचं, सूर कानानं शोधायचा. आणि तारा चपट्या. म्हणजे तारेवरचा वेढा गोल नाही, चपट्या पट्टीचा. बोट घासलं तरी खरखर नाही. आवाज मऊ, कंठातून आल्यासारखा.

दादांची बायको शैलावहिनी. चारचौघांत त्या कधी गायल्या नाहीत, पण भाकरी थापताना गुणगुणायच्या. दादा बाहेरच्या खोलीत खालचा सूर धरायचे. वहिनी आतून म्हणायच्या, "अहो, माझ्या मागं मागं किती येता?"

"तू पुढं गेलीस तर यायलाच हवं."

वहिनी गेल्या. दादा मागं राहिले. रोज संध्याकाळी तेच खालचे सूर वाजवायचे आणि मध्येच थांबायचे. ती जागा वहिनींची.

उमाकांत ऑर्केस्ट्रात साधी गिटार वाजवणारा. ऑर्केस्ट्रावाल्यांची एक रीत असते – गणपतीचे कार्यक्रम तोंडावर आले की तारा बदलायच्या. जुनी तार म्हणजे मेलेली तार. त्याला वाटलं, तारा बद्द झाल्यात, म्हणून दादा असा थांबत थांबत वाजवतो. त्यानं गोल वेढ्याच्या, चकचकीत तारा घातल्या.

दादा आले. एक सूर छेडला. तार झणझणली.

"कुणी बदलल्या?"

"मी. बघ की, कशी खणखणीत वाजतीय."

"जुन्या कुठायत?"

"दिल्या भंगारात. गंजल्या होत्या रे."

"बरं केलंस," दादा म्हणाले. गिटार खुंटीला टांगली. पुन्हा हात लावला नाही.

रागावले असते तर बरं झालं असतं, नाही का हो? भांडण मिटवता येतं. 'बरं केलंस' कसं मिटवणार?

काय झालं ते उमाकांतला हळूहळू कळलं. संध्याकाळी घर गप्प असायचं, त्यातून कळलं. तो दुकानात गेला, चपट्या तारा मागितल्या. दुकानदारानं तीन-चार पाकिटं पुढं टाकली. "आवाज कसला हवाय?"

"वहिनी गुणगुणायची तसला."

"पाहुणे, जाड की बारीक तेवढं सांगा. वहिनी काय आमच्याकडं मिळत नाहीत."

हसलात ना? उमाकांतही हसला. हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले. दुकानदार वरमला, पाण्याचा तांब्या सरकवला. "जाडच न्या. नव्या आहेत, थोड्या चमकदार वाजणारच. वाजवून वाजवून मऊ पडतील."

"किती दिवसांत?"

"ते बोटांवर आहे."

दादा बोट लावणार नाहीत. मग लावायचं कुणी? आता रोज संध्याकाळी उमाकांत बाहेरच्या खोलीत बसतो आणि भावासाठी तारा जुन्या करतो. त्याला पडद्यांची सवय. इथं सूर कधी वर लागतो, कधी खाली. आत दादा, मध्ये लोटलेलं दार.

मंडळी, दिवाळीची आवराआवर आपणही करतो. वडिलांची कुरकुरणारी खुर्ची, आईची विटकी शाल – काढा, नवं आणा! भावना चांगली. पण त्यांना विचारलं होतं का, की यात तुमचं कोण बसलंय? देवळात कौल लावल्याशिवाय तुम्ही साधी कूपनलिका खणत नाही. घरातल्या माणसाचा कौल कधी घेतला होता? आज घरी गेल्यावर विचारा. उत्तर येईलच असं नाही, तरी विचारा.

परवाच्या मंगळवारी उमाकांत वाजवत होता. आतून दादा म्हणाले, "तिसरी उतरलीय." त्यानं खुंटी पिळली, तार चढवली, आणि थांबून राहिला. दार अजून लोटलेलंच आहे.