केसरबाईंनी परत आणलेली डबी

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार, सकाळचे अकरा वीस. सोलापुरातल्या एचआयव्ही औषध-केंद्राच्या खिडकीपुढे चौदा माणसे उभी होती. निवृत्त आयटीआय निदेशक सयाजीराव रांगेत दुसरे होते. त्यांच्यापुढे मोडनिंबच्या केसरबाई, मुलाच्या गोळ्यांची डबी घेऊन. दुसऱ्यांचे बोलणे न ऐकण्याची सयाजीरावांची शिस्त आज टिकली नाही.

"मावशी, नवनाथच्या एवढ्या गोळ्या कशा उरल्या? रोज एक घ्यायची असते की." खिडकीतल्या सिस्टरांनी विचारले.

"म्याच डबी लपिवली, ज्वारीच्या कणगीत. गोळ्या लिवर खात्यात म्हनली शेजारीन."

"अहो, मग?"

"मग कावीळ झाली. गळ्यात माळ बांधली, तेल-हळद तोडली. डोळं पिवळंच ऱ्हायलं."

"त्याच्या रक्तात काविळीचाही विषाणू आहे, मावशी. ह्याच गोळ्या त्यालाही दाबून धरतात. बंद केल्या की लिवर सुजतं. आजपासून सुरू करा, आणि त्याला घेऊन या."

"कुनाला आनू, बाई? काल तेरावं झालं त्याचं."

केसरबाईंनी डबी सिस्टरांकडे सरकवली.

"मोजा की. त्याच्या पोटात जायच्या किती म्या अडविल्या, ते तरी कळू द्या."

सिस्टरांनी गोळ्या ताटलीत ओतून दोनदा मोजल्या.

एकोणचाळीस.