मुहूर्तावर बसवलेला कॅमशाफ्ट

अमरावतीच्या मोटारस्टँडवर संत्री विकता विकता माणिकबाई हरिहर वकिलांचं आणि किसन मिस्त्रीचं भांडण ऐकत होती.

"किसनराव, नवा कॅमशाफ्ट बसवलात, तरी फटफटी लाथ मारते!"

"इंजिनातल्या दोन दातेरी चक्रांचे ठिपके समोरासमोर नाई आले, साहेब. एका दातानं टाइम चुकला."

"चुकेल कसा? मी पंचांग पाहिलं होतं!"

"तेच त! मी ठिपके जुळवून राहिलो होतो, तं तुमीच वरडले, 'मुहूर्त टळतोय, झाकण लावा!'"

"बाराला अकोल्याच्या कोर्टात पुकारा आहे माझा."

"मंग उघडू इंजिन?"

"आज? अमावास्येला? नको, मोटारीनंच जातो."

वकिलांनी पंचांग उघडून निघायची घडी शोधली आणि मग पिशवी उचलली. माणिकबाईनं टोपली सारखी केली.

"अकोल्याची मोटार त आताच गेली, बाप्पा. तुमी पाय उचलाले शुभ घडी पाहून राहिले होते, तवा."