चपलांचा ढीग

इस्पितळातून सुमिराह वारल्याची बातमी आली, त्या दिवशी गावाने बायकांची रस्सीखेच रद्द केली. त्याला आता वर्ष होत आलं. तिचा नवरा वार्सितो आज रक्तदाब तपासायला दवाखान्यात बसला होता. पुढच्या बाकावरच्या दोघींनी त्याला पाहिलं नव्हतं.

"कार्सीकाकू, यंदा संघ कोण पाडणार?"

"वार्सितोला विचारलंय म्हणे. डोळे बांधून सगळ्यांच्या ढिगातली एकेक चप्पल डावीउजवीकडे टाकायची, जिची जिकडे पडेल ती त्या संघात, त्यात काय जड आहे."

"सुमिराहवहिनी टाकायच्या तेव्हा माझं नशीबच फुटकं. दरवर्षी मी आणि माझी जाऊ एकाच बाजूला."

"नशीब कसलं, यातमी. तुझ्या चपलेचा पट्टा तारेने बांधलेला. ती अंगठ्याने चाचपायची, मी पाहिलंय."

"म्हणजे लबाडी?"

"तुम्हा दोघींपुरती. बाकीच्या पडतील तिकडे. मी विचारलं तर म्हणाली, या दोघींना समोरासमोर उभं केलं तर दोर तुटेल."

"वर्षभर आमचा अबोला. दोर हातात आला की मात्र 'ओढ गं' म्हणायचो एकमेकींना."

"आणि आता?"

"आता तेही नाही. वार्सितोभाऊंना ठाऊक असेल का हे?"

"त्याला कुठली चप्पल ओळखू येतेय. परवा मशिदीतून आमच्या ह्यांची घालून गेला."

वार्सितो हळूच उठून बाहेर आला. पायरीपाशी सगळ्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या. डोळे मिटून तो एकेक चाचपत गेला. तारेची सापडली.

यातमीच्या जावेची ओळखायची अजून राहिली होती.