आभार नको

झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग होती. पेन्शनचे कागद छातीशी धरून नर्सबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे एक म्हातारे पुस्तकबांधणीवाले आणि त्यांची लेक आपलं दुकान कायमचं बंद होत असल्याची सूचना लिहीत होते. नर्सबाईंचे कान आपसूक तिकडे लागले.

"बाबा, इंग्रजीत लिहितात, 'थँक यू फॉर युअर पेट्रनेज'."

"म्हणजे काय गं?"

"तुम्ही आश्रय दिलात, आभारी आहोत."

"आश्रय? मी काय कुणाच्या दारात पडलो होतो?"

"अहो, मूळ शब्द बापावरून आलाय. पेट्रन म्हणजे बापासारखा पाठीशी उभा राहणारा. पुढे नेहमीच्या गिऱ्हाइकालाही तेच म्हणायला लागले."

"म्हणजे गिऱ्हाईक आपला बाप! खरंय म्हणा. वाचनालयाचे मास्तर आठवतात?"

"फाटकी पुस्तकं पिशवी भरभरून आणायचे, ते?"

"धडधाकट असली तरी आणायचे. म्हणायचे, शिवण जरा सैल वाटते. मला कळायचं गं. माझ्या हाताला काम राहावं म्हणून."

"वाचनालय लांब गेलं ना, बाबा."

"वाचनालय गेलं. मास्तर अजून पलीकडच्याच गल्लीत राहतात. तीन वर्षं झाली, दुकानात आले नाहीत."

"मग आभार लिहू ना?"

"आभार नको. आभार झाले की लोक उठून जातात. लिही, शनिवारपर्यंत दुकान उघडं आहे, एकदा येऊन जा."

"सगळ्यांनाच बोलावताय?"

"एकट्या मास्तरांचं नाव कसं लिहायचं गं? सगळ्यांनाच लिही."